संगीतकार केशवराव भोळे

भालकी, औराद, आळंद या आमच्या सीमाभागात मराठी व कानडी एकाच अंगणात नांदतात आणि भजनाची गोडी दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच आहे. ‘संत तुकाराम’ या चित्रपटातील बीज आणि वृक्ष यांचे रूपक असलेले पद कानी पडले, की पुष्कळ श्रोते ते तुकोबांचेच समजून हात जोडतात. वस्तुतः ते पद १९३६ साली कवी शांताराम आठवले यांनी रचिले आणि त्यास चाल दिली केशवराव भोळे यांनी. चाल लोकांच्या ओठी राहावी व कर्त्याचे नाव मागे पडावे, हे भाग्य की उपेक्षा, हे वाचकांनीच ठरवावे.

केशवरावांचा जन्म १८९६ साली अमरावतीस झाला. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते मुंबईस आले. परंतु संगीताने त्यांस असे वेधले की ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडिले. प्रतिष्ठेचा व निश्चित मिळकतीचा मार्ग सोडून अनिश्चिताच्या मागे जाणे त्या काळी लहानसे धाडस नव्हते.

त्या काळचे संगीत नाटक पदांच्या भाराने वाकले होते. एकेक पद तासभर रंगे आणि तोवर कथानक तिष्ठत उभे राही. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणिले. त्याचे संगीत केशवरावांचे होते. पदे मोजकी, आटोपशीर व प्रसंगास धरून होती. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यांपैकी एक होत्या केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई. त्या मूळच्या गोव्यातील बांदिवड्याच्या. आम्ही स्वतः कोंकणीभाषक असल्यामुळे त्यांच्या मराठी भावगीतांविषयी आम्हांस थोडा अधिक अभिमान वाटतो, हे कबूल करण्यास संकोच नाही. ती संस्था फार काळ टिकली नाही. तिने दाखविलेली वाट मात्र राहिली.

पुढे ‘प्रभात’ कंपनीच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटास केशवरावांनी संगीत दिले. ‘संत तुकाराम’मध्ये त्यांनी वारकऱ्यांच्या भजनाचा साधेपणा जपला, विष्णुपंत पागनीस यांच्या मुखातील अभंग ऐकताना गवयाचे कसब आठवत नाही, भक्तच आठवतो. हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही गौरविला गेला.

त्याच वर्षी आलेल्या ‘कुंकू’ या चित्रपटात त्यांच्या कलेची खरी कसोटी लागली. वृद्धाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची ही कथा. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले. प्रसंगात स्वभावतःच उमटणारे ध्वनी तेवढे ठेविले. दुःख दिसताच सारंगी रडविण्याची सोय उरली नाही. वाद्ये हाताशी असता ती न वाजविण्यास संमती देणे कोणत्याही संगीतकारास जड जावे. केशवरावांनी ते स्वीकारिले, म्हणून नीरेचा संताप प्रेक्षकांस अधिक तीव्रतेने भिडला. याच चित्रपटात शांता आपटे यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गायिली. म्हणजे नव्याचे त्यांस वावडे नव्हते.

उत्तर आयुष्यात त्यांनी ‘माझे संगीत’ यासारख्या ग्रंथांतून आपल्या रचनांमागील विचार लिहून ठेविला. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

प्रयोग म्हणजे काहीतरी अधिक, काहीतरी मोठ्याने करणे, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीत ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवा, असा आग्रह आम्ही दरवर्षी ऐकतो. केशवरावांचे चरित्र वाचल्यावर आम्हांस वाटते, की कोठे थांबावे हे कळणे हीही विद्याच आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांस लाभो.