अबुल फजलची चांदी आणि शिशाचा धूर

जालना म्हटले की आज मोसंबी, बियाणे आणि भंगार वितळवणाऱ्या लोखंडाच्या भट्ट्या आठवतात. या गावाच्या इतिहासातील एक नोंद मात्र सहसा कुणाच्या लक्षात नसते. अकबराच्या काळात जालना त्याच्या एका सरदाराच्या जहागिरीत होते आणि अबुल फजल काही काळ येथे मुक्कामाला होता, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते. शाळेच्या पुस्तकात अबुल फजल भेटतो तो अकबराच्या दरबारातील नवरत्नांपैकी एक आणि ‘अकबरनामा’चा लेखक म्हणून. मोडीच्या चांदीतून शुद्ध चांदी कशी काढतात, हे त्याने जवळजवळ पाककृतीसारखे तपशीलवार लिहून ठेवले आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. जुने पैंजण, जोडवी, तुटका करदोडा गाळून घरीच चांदीचे चकचकीत स्फटिक वाढवण्याचा छंद असलेली माणसे आज आहेत. त्यामुळे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची ती कृती डॉक्टरी नजरेने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

अबुल फजलचा जन्म 14 जानेवारी 1551 रोजी आग्र्याला झाला. वडील शेख मुबारक मोठे विद्वान, पण स्वतंत्र विचाराचे. दरबारी धर्मपंडितांचा त्यांच्यावर इतका रोष होता की एकदा सगळ्या कुटुंबाला जीव मुठीत धरून घरोघरी लपत फिरावे लागले. थोरला भाऊ फैजी कवी होता. अबुल फजलने कोवळ्या वयातच बहुतेक शास्त्रे वाचून संपवली आणि विशीच्या आत तो शिकवू लागला. त्याच्या तरुणपणची एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका दुर्मीळ ग्रंथाचे हस्तलिखित त्याच्या हाती आले, पण प्रत्येक पानाचा उभा अर्धा भाग जळून गेला होता. त्याने जळकी कड कापून कोरा कागद चिकटवला आणि उरलेल्या अर्ध्या ओळींवरून नाहीसा झालेला मजकूर तर्काने लिहून काढला. पुढे त्या ग्रंथाची अखंड प्रत सापडली. ताडून पाहिले तेव्हा काही शब्द वेगळे निघाले, पण आशय थक्क करण्याइतका जुळत होता.

1574 च्या सुमारास तो अकबराच्या दरबारात आला आणि थोड्याच वर्षांत बादशहाचा सर्वांत जवळचा माणूस झाला. त्याच्या आहाराच्याही गोष्टी सांगतात. दिवसाला 22 शेर अन्न तो खात असे, असे एका चरित्रकोशात नोंदले आहे. तेव्हाचा शेर आजच्या किलोपेक्षा बराच लहान होता, हे धरूनही कोणत्याही डॉक्टरला हा आकडा पचणार नाही. कामाचा उरक मात्र नक्कीच अफाट होता. पंचतंत्राच्या गोष्टींचे सोप्या फारसीत रूपांतर करण्याचे काम बादशहाने त्याच्याकडे दिले. त्या पुस्तकाचे नाव त्याने ‘इयार-ए-दानिश’ ठेवले. ‘इयार’ हा टांकसाळीतला शब्द आहे. त्याचा अर्थ धातूचा कस.

‘अकबरनामा’चा तिसरा भाग म्हणजे ‘आइन-ए-अकबरी’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झालेल्या या ग्रंथात स्वयंपाकघरापासून हत्तीखान्यापर्यंत आणि पिकांच्या दरापासून शेतसाऱ्यापर्यंत सगळे आहे. टांकसाळीला त्याने बरीच प्रकरणे दिली आहेत. त्याचे कारण उघड आहे. अकबराचा रुपया साडेअकरा मासे वजनाचा आणि अतिशय शुद्ध चांदीचा होता, पण हिंदुस्थानात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्या. चांदी येई ती परदेशी नाण्यांच्या, जुन्या रुपयांच्या आणि मोडीच्या रूपाने. म्हणजे टांकसाळीचे निम्मे काम मोड गाळण्याचेच होते.

या कामावरची माणसे त्याने एकेक करून सांगितली आहेत. दारोगा, कस पाहणारा सराफ, वजनदार, कच्चा धातू वितळवणारा, शुद्ध धातू वितळवणारा, पत्रे ठोकणारा, ठसे कोरणारा आणि भट्टीवर बसणारा शोधक. एवढेच नव्हे, तर जमिनीवरचा केर धुऊन त्यातले कण काढणाराही त्याच्या यादीत आहे. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुणाऱ्या माणसाला झारेकरी म्हणतात, तोच हा. मोगल दरबारातील इतर कोणत्याही लेखकाने झारेकऱ्याला ग्रंथात जागा दिली असती असे वाटत नाही.

आता ती कृती. जमिनीत खड्डा खणायचा. त्यात थोडी रानशेणी भुरभुरायची आणि वर बाभळीची राख भरायची. राख ओली करून तिला ताटलीसारखा खोलगट आकार द्यायचा. त्यात अशुद्ध चांदी ठेवायची आणि तिच्या प्रमाणात शिसे घ्यायचे. शिसे एकदम घालायचे नाही, आधी चौथा हिस्सा. भोवती कोळसे रचून भात्याने वारा घालत दोन्ही धातू वितळवायचे. असे साधारण चार वेळा करायचे. चांदी शुद्ध झाली हे दोन खुणांवरून कळते. तिच्यावर विजेसारखी चमक येते आणि ती कडेने घट्ट होऊ लागते. मध्यभागही घट्ट झाला की पाणी शिंपडायचे, तेव्हा रानबोकडाच्या शिंगांसारख्या ज्वाळा तिच्यातून उसळतात.

रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे वर्णन वाचून आनंद होईल. वितळलेले शिसे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्याचे मुर्दाडशिंग बनते. मोडीतले तांबे आणि इतर हलके धातू त्या मुर्दाडशिंगात विरघळतात आणि त्याच्याबरोबर राखेत मुरतात. चांदीचा ऑक्सिजनशी असा संयोग होत नाही, म्हणून ती वर राहते. शिशाचा शेवटचा पडदा सरकतो त्या क्षणी तिचा पृष्ठभाग लखकन उजळतो. ‘शिंगां’चेही कारण आहे. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन पोटात घेते आणि गोठताना तो एकदम बाहेर टाकते. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता, तेव्हा त्याची ही करामत अबुल फजलने टिपून ठेवली.

हिशेबही त्याने चोख दिला आहे. शुद्ध झालेली ही ताटली पुन्हा वितळवली तर तोळ्यामागे अर्धी गुंज घट येते, म्हणजे 100 तोळ्यांत 6 मासे 2 गुंजा, शेकडा जेमतेम अर्धा. राखेत मुरलेल्या शिशालाही त्याने नाव दिले आहे, ‘खरल’. ते फेकून देत नसत, त्यातून पुन्हा चांदी आणि शिसे काढत.

पण सगळेच शिसे राखेत मुरत नाही. काही धूर होऊन हवेत जाते. चांदीच्या या कृतीत गुंजेगुंजेचा जमाखर्च आहे, त्या धुराचे खाते मात्र नाही. रोम-ग्रीसच्या काळातही चांदी याच पद्धतीने गाळत आणि त्या भट्ट्यांतून उडालेले शिसे आज ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत सापडते. धूर तिथपर्यंत गेला असेल, तर भात्याशी बसलेल्या माणसाच्या छातीत किती गेला असेल याचा अंदाज करता येतो.

शिशाचे विष लगेच कळत नाही. श्वासातून किंवा हाताला लागून तोंडात गेलेले शिसे रक्तात शिरते आणि तेथून हाडांत जाऊन बसते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्मे होते, हाडांतले वर्षानुवर्षे राहते. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, अंगातले रक्त कमी होणे, चिडचिड, झोप उडणे, हिरडीच्या कडेला निळसर रेघ आणि पुढे मनगट उचलता न येणे ही त्याची लक्षणे. पोटदुखीसाठी रुग्ण दहा दवाखाने फिरतो, पण कामधंदा काय करतोस हे त्याला कुणी विचारत नाही. मुलांचे नुकसान याहून मोठे असते, कारण वाढत्या मेंदूवर झालेला परिणाम पुरता भरून येत नाही. नायजेरियाच्या झामफारा भागात शिसेमिश्रित सोन्याचे खनिज लोक घराच्या अंगणात कुटत होते. 2010 मध्ये ते उघडकीस आले आणि तेथे 400 हून अधिक मुले दगावली. ती मुले भट्टीवर काम करत नव्हती, अंगणात खेळत होती.

महाराष्ट्राला हा धंदा परका नाही. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील हजारो कुटुंबे गलाईच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. कोणत्याही मोठ्या शहरातील सराफ बाजारात मोड गाळणारा माणूस बहुधा मराठी बोलणारा निघतो. त्याची खोली लहान असते, भट्टी आणि तेजाबाचे भांडे तिथेच आणि अनेकदा झोपायची जागाही तिथेच. दिवसभराच्या धुरावर गूळ खाण्याचा रिवाज अनेक कामगारांत आहे. गूळ अन्ननलिकेत जातो, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही.

घरच्या छंदात बहुधा शिसे वापरत नाहीत, तेजाब वापरतात. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. त्यात मोडीची चांदी विरघळवतात, तांब्यामुळे द्रावण निळे होते, मग तांब्याची पट्टी बुडवली की करड्या पिठासारखी चांदी खाली बसते. ती वितळवून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात लटकवतात आणि काही व्होल्टचा विद्युतप्रवाह सोडतात. दुसऱ्या पट्टीवर चांदी झाडाच्या फांद्यांसारख्या स्फटिकांत वाढू लागते. दिसायला ते फार सुंदर असते यात शंका नाही, आणि शुद्धता 99.9 टक्क्यांच्या पुढे जाते. कारखान्यातील शुद्धीकरणही याच तत्त्वावर चालते.

धोका पहिल्याच पायरीला आहे. चांदी विरघळताना तांबूस-तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो हुंगल्यावर थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरे वाटते. माणूस जेवून झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरू लागते आणि दम लागतो. मधल्या काळात ठीक वाटले म्हणून रुग्णालयात जाणे टाळले, तर मग वेळ उरत नाही. असा धूर छातीत गेलेल्या माणसाने बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालय गाठावे आणि धूर कशाचा होता ते स्पष्ट सांगावे. बंद स्वयंपाकघर, खिडकीतला पंखा आणि नाकावर बांधलेला रुमाल यांनी हा वायू अडत नाही. निळे पाणी मोरीत ओतणे हाही गुन्हाच म्हणावा लागेल. आणि कुणी राखेची जुनी रीत घरी करून पाहायच्या विचारात असेल तर शिशाची भट्टी लहान मुले असलेल्या घरात एकदाही पेटवू नये.

अबुल फजलला भट्टीचा धूर बाधला नाही, कारण तो भट्टीशी कधी बसला नाही. त्याच्या आयुष्यातील आजारपणे वेगळी होती. 1595 मध्ये फैजी दम्याने आणि अंगावरच्या सुजेने अंथरुणाला खिळला. अकबर स्वतः मध्यरात्री हकीम अलीला घेऊन त्याच्याकडे गेला, पण उपयोग झाला नाही. चार वर्षांनी बादशहाने अबुल फजलला दख्खनेत पाठवले. त्याला दरबारातून दूर करायची शहजादा सलीमच्या गटाची इच्छा होतीच. काम होते आजारी शहजादा मुरादला परत आणण्याचे. मुराद दारूत बुडाला होता आणि त्याला झटके येत होते. मे 1599 मध्ये, अबुल फजल छावणीत पोचला त्याच सुमारास, पूर्णा नदीच्या काठी मुराद मरण पावला. वय तिशीच्या आतले. जहांगीरने आपल्या आठवणींत ही जागा जालनापूरजवळची सांगितली आहे. धाकटा दानियालही 1605 मध्ये दारूनेच गेला. पहारा चुकवून त्याला बंदुकीच्या नळीतून गंजमिश्रित दारू पुरवली जात होती.

मुरादच्या मृत्यूनंतर सैन्य माघारीला निघाले होते. पन्नाशीला टेकलेल्या या लेखणीच्या माणसाने ते थोपवले आणि मोहीम पुढे नेली. ऑगस्ट 1600 मध्ये अहमदनगर पडले, जानेवारी 1601 मध्ये असीरगड. तोवर सलीमने अलाहाबादला बंड मांडले होते. अकबराने अबुल फजलला तातडीने बोलावले. तो मोजकी माणसे घेऊन निघाला. वाटेत दगा आहे, मार्ग बदला, असे सोबत्यांनी सुचवले, पण त्याने ऐकले नाही. ऑगस्ट 1602 मध्ये ग्वाल्हेरजवळ आंतरी गावाच्या वाटेवर बीरसिंह बुंदेल्याने त्याला गाठून मारले आणि त्याचे शिर सलीमकडे पाठवले. धड आंतरीला पुरले, तेथे त्याची कबर आहे. हा खून आपण करवला हे जहांगीरने पुढे स्वतःच लिहून ठेवले.

गादीवर आल्यावर जहांगीरने रुपयाचे वजन आधी पाचव्या हिश्श्याने आणि मग पाव हिश्श्यापर्यंत वाढवले, पण काही वर्षांतच ते पुन्हा अकबराच्या मापावर आणावे लागले. राखेच्या ताटलीत शिसे घालून चांदी गाळण्याची रीत पुढेही शतके चालू राहिली.