महात्माजींचे पहिले भाषण
बॅरिस्टर होऊन 1891 मध्ये परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. 30 रुपये फी परत करून ते निघून गेले. त्याआधी लंडनच्या शाकाहारी मंडळातही त्यांचे लिहून नेलेले भाषण दुसऱ्याने वाचले होते.

1893 मध्ये प्रिटोरियातील हिंदी रहिवाशांच्या सभेत मात्र ते पूर्ण तयारीनिशी बोलले. श्रोते बहुतांशी मेमन व्यापारी. विषय व्यापारातील सत्य! धंद्यात सत्य चालत नाही, हा समज त्यांनी व्यापाऱ्यांसमोरच खोडून काढला. गादीवर आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास त्या धैर्याचे मोल कळते. तेथेच त्यांनी इंग्रजी शिकविण्याची तयारी दर्शविली. तिघे पुढे आले : एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार. गांधीजी त्यांच्याकडे जाऊन शिकवू लागले.