गाण्याचे मोल: पंडित विष्णू दिगंबर पलुसकर

गाणे म्हणून पोट भरते का, हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. मुलाचा गळा गोड असला की कौतुक होते, पण तो गाण्यातच पुढे जायचे म्हणाला की घर गप्प होते. आपली माणसे या देशात आली त्याला शंभर वर्षे होत आहेत. या स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे असा विचार करताना आम्हांला एक नाव आठवले. या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी सारे आयुष्य घातले, ते म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर.

विष्णूचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या घरची मिळकत म्हणजे उत्सवाची बिदागी, आरतीच्या ताटात पडेल ते आणि संस्थानिकांची मर्जी. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण उद्याची खात्री नव्हती. मुलाने शिकून वेगळी वाट धरावी अशीच वडिलांची इच्छा असणार. पण लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम तोंडाजवळ उडाले आणि विष्णूची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेले. पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली, तेव्हा मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच बाळकृष्णबुवा.

त्या काळी गवई कसा जगत असे, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याशिवाय विष्णुबुवांनी काय केले ते कळणार नाही. दरबारी गवयाला महिन्याचा तनखा मिळे, सणावाराला पोशाख मिळे. पण गाणे कधी व्हायचे, किती वेळ व्हायचे हे धनी ठरवी. धनी रुसला किंवा गादीवर दुसरा बसला की चूल थंड. म्हणून गवई आपली विद्या जपून ठेवत. एखादी दुर्मीळ चीज हीच त्यांची शेतजमीन होती. ती ज्याला त्याला वाटून टाकली तर आपल्या मुलांनी काय खायचे? उस्ताद विद्या लपवतात अशी तक्रार आपण फार ऐकतो, पण त्या लपवण्यामागे पुष्कळदा पोटाचीच भीती असे. शिष्याला वर्षानुवर्षे पाणी भरावे लागे, घरकाम करावे लागे, आणि मग गुरूची लहर लागली की एखादी चीज पदरात पडे.

मिरजेतली एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. गावात एक समारंभ होता. विष्णूला संस्थानिकांच्या कृपेतला मुलगा म्हणून बोलावणे आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही. गवयाला प्रतिष्ठितांच्या पंगतीत बोलावण्याची रीतच नव्हती. गाण्यावर माना डोलवायच्या आणि गाणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही गोष्ट त्या तरुणाच्या मनाला फार लागली. तेव्हापासून त्याच्या मनात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या: गवयाची भाकरी आणि गवयाचा मान. 1896 मध्ये त्याने मिरज सोडली. हातचा राजाश्रय सोडून चोविसाव्या वर्षी, अधू डोळ्यांनी, तो उत्तरेच्या वाटेला लागला.

वाटेत बडोदे, ग्वाल्हेर, मथुरा अशी गावे लागली. दरबारांत गाणे झाले, मानपान झाला. पण याच फिरतीत सौराष्ट्रातील राजकोटला त्यांनी सर्वांना खुला असा जलसा केला आणि त्याला तिकीट लावले. हिंदुस्थानी संगीताच्या अशा पहिल्या जलशांत त्याची गणना होते. आज आपल्याला तिकिटाचे काहीच वाटत नाही. पण विचार करून पाहा, एका राजाच्या जागी शंभर माणसे आली. प्रत्येकाने थोडे थोडे दिले आणि गाणाऱ्याचा धनी कोणी एक उरला नाही. ज्याला दरबारात पाऊल ठेवता येत नव्हते, त्या दुकानदाराला आणि कारकुनालाही चांगले गाणे ऐकायला मिळाले. पैसे देऊन ऐकायला आलेला माणूस गप्प बसून ऐकतो, हेही बुवांच्या ध्यानात आले असावे. त्यांचे जलसे ठरल्या वेळी सुरू होत आणि मधल्या गप्पाटप्पा त्यांना खपत नसत.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. मराठी माणूस, परका मुलूख, परकी भाषा. सुरुवातीला विद्यार्थी फारसे फिरकले नाहीत, तरी बुवा ठरलेल्या वेळी तंबोरा लावून बसत. कोणा एका राजाच्या नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालणारी ही संस्था होती, आणि तिची आर्थिक घडी बसवताना बुवांनी मोठी कल्पकता दाखवली. पैसे देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यांची फी हा एक मार्ग. स्वतःचे जलसे हा दुसरा. बुवा गावोगाव गात आणि मिळालेले पैसे विद्यालयात ओतत. तिसरा मार्ग देणग्यांचा. चौथा पुस्तकांचा. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली आणि संगीत बालप्रकाश, रागप्रवेश यांसारखी क्रमिक पुस्तके छापून विकली. जी चीज मिळवायला पूर्वी वर्षे घालवावी लागत, ती आता विकत घेता येऊ लागली. आम्ही प्राथमिक शाळेत शिकवतो. क्रमिक पुस्तक नसेल तर शिक्षकाची काय अडचण होते हे आम्हांला ठाऊक आहे, म्हणून या कामाचे मोल आम्हांला विशेष वाटते.

सर्वांत दूरदृष्टीची योजना उपदेशक वर्गाची. गरीब पण होतकरू मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत. त्या बदल्यात नऊ वर्षे विद्यालयात राहण्याचा करार. शिकता शिकता मुले खालच्या वर्गांना शिकवत आणि तयार झाली की निरनिराळ्या गावी शिक्षक म्हणून जात. गाण्याचा शिक्षक हा पगारी, प्रतिष्ठित पेशा होऊ शकतो, हे बुवांनी अशा रीतीने करून दाखवले. स्त्रियांसाठीही त्यांनी वर्ग चालवले.

1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली. व्याप वाढला. छापखाना आला, वाद्यदुरुस्तीचे काम आले, वसतिगृह आले. गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची मोठी इमारत उभी राहिली, पण ती कर्जावर. बुवा गाऊन गाऊन कर्ज फेडत होते. मात्र शे-दीडशे पोटे, मोफत शिकणारी मुले आणि वाढते व्याज यांचा मेळ एका गळ्याच्या कमाईवर बसणे कठीण होते. शिवाय उतारवयाकडे झुकताना त्यांचे मन रामभक्तीत रमले. पैसा देणाऱ्या जलशांपेक्षा रामकथा आणि नामसंकीर्तन त्यांना जवळचे वाटू लागले. 1924 च्या सुमारास सावकारांनी इमारतीचा लिलाव करविला. ज्या वास्तूत गाण्याच्या मानाची पायाभरणी झाली, ती पैशासाठी गेली. बुवा नाशिकला आपल्या रामनाम आधार आश्रमात राहू लागले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला. जिथून निघाले होते तिथेच.

मग त्यांचा हिशेब तोट्यात गेला असे म्हणायचे का? तसे आम्हांला वाटत नाही. त्यांच्या शिष्यांकडे पाहा. विनायकबुवा पटवर्धन काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून गायले आणि नंतर 1932 मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. नारायणराव व्यासांचे नाव ग्रामोफोनच्या तबकड्यांनी घराघरांत पोचवले. बी. आर. देवधरांनी मुंबईत स्वतःची संगीतशाळा उभारली. ओंकारनाथ ठाकूर परदेशात गाऊन आले आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले. रंगभूमी, तबकडी, शाळा, विद्यापीठ: गाणाऱ्याने पोट भरण्याचे नवे मार्ग त्या काळात निघत होते आणि त्यांतल्या प्रत्येकावर बुवांचा कोणी ना कोणी शिष्य उभा होता. बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय जेमतेम दहा वर्षांचा होता. पुढे तोच डी. व्ही. पलुसकर म्हणून गाजला, आकाशवाणीवर गायला, बैजू बावरा या चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर गायला आणि 1955 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाण्याला जी नवी प्रतिष्ठा आली, तिचा वाटा सर्वांना सारखा मिळाला नाही. ज्या कलावंतिणींनी आणि ज्या उस्तादांनी ही विद्या शतकानुशतके जिवंत ठेवली, त्यांपैकी अनेक जण या नव्या शाळांच्या दाराबाहेरच राहिले. बुवांचे थोरपण त्यामुळे कमी होत नाही, पण तेवढे ऋण आपण विसरू नये.

1931 मध्ये शिष्यांनी गुरूंच्या नावाने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षांना आज देशोदेशीची मुले बसतात, त्या याच मंडळाच्या. आपल्या इथली मुलेही त्या परीक्षांचे अर्ज भरतात. लाहोरची ती शाळा इतक्या दूरवर येऊन पोचली आहे.

म्हणून शताब्दीच्या या वर्षी वाचकांपाशी आमचे एक मागणे आहे. परदेशी राहणाऱ्या समाजाच्या कार्यक्रमांत मंडप, जेवण, सभागृह यांचे पैसे अगोदर बाजूला काढले जातात. गाणाऱ्याची पाळी आली की सेवा हा शब्द आठवतो आणि शाल-श्रीफळावर काम भागते. शाल जरूर द्यावी, नारळही द्यावा. पण त्यासोबत पाकीटही द्यावे आणि त्यातला आकडा तबलजीशी व पेटीवाल्याशीही आधी बोलून ठरवावा. मुलांना गाणे शिकवणाऱ्या गुरुजींची फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावी, त्यांना मागायला लावू नये. एका अधू डोळ्यांच्या माणसाने गवयाची भाकरी आणि गवयाचा मान यांची गाठ घातली आणि त्यापायी स्वतःची वास्तू गमावली. ती गाठ सुटू न देणे आपल्या हातात आहे.