माणसं जमवणारा कुलगुरू

आधीच सांगून टाकते, दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाला आईचा हात लागलाय. मजकूर मात्र माझाच!

कॅप राऊंडचा फॉर्म भरताना तुमच्यासारखीच मीही कॉलेजांची तुलना केली होती. कट-ऑफ किती, पॅकेज किती, कॅम्पसला कुठल्या कंपन्या येतात, मेस कशी आहे. शिकवायला कोण आहे, हे विचारायचं सुचलंच नाही. त्याची किंमत सेकंड इयरला कळली. ज्यांच्या लेक्चरला बॅकबेंचर्ससुद्धा वही उघडायचे, ते आमचे सर मध्येच कॉलेज सोडून गेले. तोच सिलॅबस, तीच लॅब, पण विषयातला जीवच गेला.

त्याच वर्षी विज्ञान दिनाला मला सी. व्ही. रामन यांच्यावर बोलायचं होतं. वाचताना एक नाव सारखं पुढे येत होतं, सर आशुतोष मुखर्जी. रामन बाजूलाच राहिले आणि मी या माणसाच्या मागे लागले.

आशुतोष यांचा जन्म २९ जून १८६४ चा, कलकत्त्याचा. वडील डॉक्टर. मुलाला मात्र गणिताचं वेड. विद्यार्थी असतानाच त्यांचं लिखाण इंग्लंडमधल्या गणिताच्या नियतकालिकात छापून आलं. १८८५ साली गणितात एम.ए. आणि पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रात. संशोधनातच रमायचे, पण पुढे वकिली केली आणि १९०४ मध्ये ते कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९०६ मध्ये ते कुलगुरू झाले. हे पद तेव्हा बिनपगारी होतं. म्हणजे दिवसा कोर्ट आणि उरलेला सगळा वेळ विद्यापीठ.

कलकत्ता विद्यापीठ आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वयाचं, दोन्ही १८५७ ची. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठाचं मुख्य काम म्हणजे पेपर काढणं, निकाल लावणं, डिग्री देणं. आशुतोषना हे मान्य नव्हतं. विद्यापीठात संशोधन करणारे, स्वतः शिकवणारे प्राध्यापक हवेत, असा त्यांचा हट्ट होता. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी लाखो रुपयांची देणगी दिली आणि १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. या देणग्यांतून नेमायचे प्राध्यापक भारतीयच असावेत, अशी अट होती.

खरी गंमत पुढे आहे. रामन तेव्हा सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि फावल्या वेळात प्रयोग करत. आशुतोषनी त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केलं. पगार सरकारी नोकरीपेक्षा कमी, शिवाय परदेशात प्रशिक्षण घेण्याची अट. रामन जायला तयार नव्हते, तेव्हा ती अट बाजूला ठेवली गेली. १९१७ मध्ये रामन रुजू झाले. रसायनशास्त्राला प्रफुल्लचंद्र रे आले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे तर नुकतेच एम.एस्सी. झालेले. पीएचडी नाही, अनुभव नाही. तरी आशुतोषनी त्यांना लेक्चरर नेमलं. या दोघांनी केलेला आइन्स्टाईन यांच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचा अनुवाद १९२० मध्ये विद्यापीठानेच छापला.

प्रांतही त्यांनी पाहिला नाही. रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर १९१७ मध्ये प्राचीन इतिहास शिकवायला कलकत्त्याला गेले. १९२१ मध्ये म्हैसूरहून राधाकृष्णन आले, तत्त्वज्ञानासाठी.

सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. खर्च फार होतो, पास होणं सोपं करून ठेवलंय, अशी टीका होत होती. १९२२ मध्ये सरकारने अनुदान देऊ केलं, पण अटींसकट. पैशाची ओढाताण असूनही आशुतोषनी विरोध केला. १९२३ मध्ये गव्हर्नर लिटन यांनी पुन्हा कुलगुरूपद देऊ केलं, तेही सरकारचं ऐकण्याच्या अटीवर. ते त्यांनी साफ नाकारलं. माणसंही जात होती. बोस १९२१ मध्ये ढाक्याला गेले, साहा १९२३ मध्ये अलाहाबादला. एका खटल्यासाठी आशुतोष पाटण्याला गेले होते, तिथेच २५ मे १९२४ ला त्यांचं निधन झालं.

आता तारखा बघा. बोस यांनी आइन्स्टाईनना आपला प्रसिद्ध निबंध पाठवला ४ जून १९२४ ला, म्हणजे दहाच दिवसांनी. रामन परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ चा आणि नोबेल १९३० चं. यातलं काहीच आशुतोषना बघायला मिळालं नाही. १९१७ मध्ये कोणी रँकिंग काढलं असतं, तर त्यात काय दिसलं असतं? एक माजी हिशेब अधिकारी आणि दोन नवखी पोरं.

आजच्या एनआयआरएफमध्येही प्राध्यापकांची संख्या, पीएचडी, संशोधन मोजतात. मोजायलाच हवं. पण मोजता येण्याआधी कोणीतरी माणूस ओळखावा लागतो, आणि ओळखल्यावर त्याला काम करू द्यावं लागतं.

हल्ली ज्युनियर्स फोन करून पॅकेज विचारतात. मी ते सांगते आणि वर सांगते, डिपार्टमेंटला कोण शिकवतं ते बघ, किती जण टिकलेत ते विचार. आणि हो, आपल्यातल्या कोणी प्लेसमेंट सोडून शिकवायचं ठरवलं तर तिला वेड्यात काढू नका. ती कदाचित मीच असेन.