इब्न बतूता आणि कवडीचे मोल

मुलांनो, एखादी वस्तू फार स्वस्तात मिळाली, तर ती 'कवडीमोलाने' मिळाली असे मराठीत म्हणतात. तुमच्या उर्दूतही 'कौडियों के मोल' असे म्हणतातच. कवडी म्हणजे समुद्रातील एका लहान प्राण्याचे कवच. आज ती सारीपाटाच्या खेळात किंवा माळेत दिसते. पण एके काळी हीच कवडी अनेक देशांत नाणे म्हणून चालत असे. मात्र तिचे मोल सगळीकडे सारखे नव्हते. ते किती वेगळे होते, हे चौदाव्या शतकातील एका प्रवाशाने प्रत्यक्ष पाहिले व लिहवून ठेवले. त्याचे नाव इब्न बतूता.

जगाचा नकाशा समोर घ्या. आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकाला मोरोक्को देश आहे. त्यातील तँजिअर या बंदरात 1304 साली इब्न बतूताचा जन्म झाला. त्याच्या घराण्यात काझीपण चालत आले होते, म्हणून त्यानेही कायद्याचे शिक्षण घेतले. 1325 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला निघाला. सोबत कोणी नव्हते. आईवडील हयात होते. त्यांना सोडून जाताना त्याला फार दुःख झाले. हज करून एकदोन वर्षांत तो परतेल, असे घरच्यांना वाटले असेल. तो परतला चोवीस वर्षांनी.

एवढा प्रवास त्याला कसा जमला? तो काही मोठा धनवान नव्हता. पण त्या काळी मोरोक्कोपासून चीनच्या बंदरांपर्यंत मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्त्या होत्या. गावोगावी मशिदी, मदरसे आणि खानकाहे होती. तेथे वाटसरूला जेवण व निवारा मिळे. अरबी भाषा आणि कायद्याचे ज्ञान असलेल्या माणसाला नोकरीही मिळे. भाषा, धर्म आणि व्यापार यांनी हजारो कोसांचा मुलूख असा जोडला गेला होता. इब्न बतूता त्या जोडलेल्या जगातून फिरला.

मक्केनंतर त्याने इराक व इराण पाहिले. मग जहाजात बसून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोगादिशू आणि किल्वा या बंदरांना गेला. तिकडची जहाजे ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या वाऱ्यावर चालत; काही महिने वारा एका दिशेने वाहतो, नंतर उलट्या दिशेने. तेथून परतल्यावर तो तुर्कस्तानमार्गे उत्तरेच्या गवताळ प्रदेशात पोहोचला. तेथील लोक गाड्यांवर नमद्याचे तंबू बांधून कळपांबरोबर हिंडत आणि घोडीचे दूध आंबवून पीत. शेवटी 1333 साली तो सिंधू नदीवर आला.

दिल्लीत सुलतान मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमले. येथे त्याला सर्वांत नवल वाटले ते डाकेचे. प्रत्येक कोसात तीन ठिकाणी धावणारे जासूद तयार बसत. एकाच्या हातातील काठीच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला, की दुसरा कंबर कसून उभा राही. या व्यवस्थेमुळे खुरासानची ताजी फळेदेखील सुलतानापर्यंत पोहोचत.

1342 साली सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. या वाटेवर तो आपल्या महाराष्ट्रात आला. दौलताबादला त्याने डोंगरावरचा किल्ला पाहिला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे त्याने नोंदवले. नंदुरबारला मराठे लोक राहतात, ते कारागिरी, वैद्यकी व ज्योतिष यांत निपुण आहेत आणि त्यांचे अन्न भात, भाजी व तिळाचे तेल आहे, असेही त्याने सांगितले आहे. कोणता मुलूख काय पिकवतो, लोक काय खातात, बाजारात काय चालते, इकडे त्याचे नेहमी लक्ष असे. मला त्याच्या ग्रंथात हेच सर्वांत मोलाचे वाटते. लढायांची वर्णने इतरांनीही लिहिली आहेत. पण गावातला माणूस काय जेवत होता, हे किती जणांनी लिहिले?

मलबारात कालिकत बंदरात त्याच्यावर संकट कोसळले. शुक्रवारच्या नमाजासाठी तो किनाऱ्यावर थांबला होता. रात्री वादळ झाले. चीनच्या बादशहासाठी दिलेल्या भेटी ज्या जहाजावर होत्या ते फुटले आणि त्याचे स्वतःचे सामान असलेले जहाज त्याला मागे ठेवून निघून गेले. रिकाम्या हाताने दिल्लीला जायची त्याची छाती झाली नाही. काही काळ इकडेतिकडे भटकून तो मालदीव बेटांवर गेला. (नकाशावर ही बेटे शोधायला तुम्हांला वेळ लागेल; ठिपके फार बारीक आहेत.)

मालदीवमध्ये भात पिकत नाही. लोक मासे आणि नारळ खात. नारळाच्या काथ्याचा दोर वळून तो परदेशी पाठवत; त्या दोराने जहाजांच्या फळ्या शिवल्या जात. आणि समुद्रातून कवड्या काढत. तेथे सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी कधी तर बारा लाखही. या कवड्या देऊन ते बंगालचा तांदूळ घेत. येमेनचे व्यापारीही कवड्या नेत. त्यांचे जहाज डोलू नये म्हणून तळाशी वाळूऐवजी कवड्याच भरत!

तेव्हा बेटांवर खदीजा नावाची राणी राज्य करीत होती. इब्न बतूता तेथे काझी झाला. तेथील स्त्रियांचा पोशाख त्याला पसंत पडला नाही. तो बदलण्याचा हुकूम त्याने काढला. पण कोणी मानला नाही. तो अनेक देश हिंडला, तरी दुसऱ्यांच्या चालीरीती बहुधा आपल्याच मापाने मोजत राहिला. त्याचा ग्रंथ वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

अखेर तो चीनला पोहोचला. तेथे सोन्याचांदीची नाणी बाजारात चालत नव्हती. तळहाताएवढ्या कागदावर बादशहाचा शिक्का असे आणि त्याच कागदावर सारा व्यवहार होई. फाटका कागद सरकारात दिला की नवा मिळे. चीनमधील सुबत्ता पाहूनही त्याचे मन तेथे रमले नाही. एके दिवशी त्याला मोरोक्कोतील सब्ता गावचा एक व्यापारी भेटला. घरापासून इतक्या दूर आपल्या मुलखातला माणूस! दोघांनाही रडू कोसळले.

परतीच्या वाटेवर 1348 साली शाम देशात प्लेगची भयंकर साथ चालू होती. दमास्कस शहरात मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी आपापले धर्मग्रंथ हातात घेऊन एकत्र रस्त्यावर उतरले आणि त्यांनी दुआ केली, हे त्याने पाहिले. त्याच शहरात त्याला समजले, की आपले वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. मग तो घराकडे निघाला. पण तँजिअरला पोहोचण्याआधीच वाटेत बातमी आली, की प्लेगने आईही गेली. चोवीस वर्षांनंतर त्याला भेट घडली ती तिच्या कबरीची.

तरी त्याचे पाय थांबले नाहीत. 1352 साली तो सहारा वाळवंट ओलांडून माली देशाला निघाला. वाळवंटाच्या कडेला सिजिलमासा गावात तो एका माणसाकडे उतरला. तो कोण होता, सांगू? चीनमध्ये भेटलेल्या त्या व्यापाऱ्याचा सख्खा भाऊ!

तेथून उंटांच्या काफिल्याबरोबर पंचवीस दिवस चालून तगाझा हे गाव आले. तेथे ना झाड, ना शेत. घरे आणि मशीददेखील मिठाच्या दगडांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. गुलाम जमिनीतून मिठाच्या लाद्या काढत. खजूर आणि धान्य बाहेरून आले, तरच त्यांना खायला मिळे. इब्न बतूता स्वतःही गुलाम बाळगीत असे. त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटले नाही. हेच मीठ दक्षिणेला जसजसे जाई, तसतसे महाग होई. वलाता गावी उंटाच्या एका ओझ्याला आठ ते दहा मिस्काल सोने मिळे, तर मालीच्या राजधानीत वीस ते तीस. तेथे मिठाचे तुकडे नाण्यासारखे चालत.

मालीत न्याय कडक होता व रस्ते निर्धोक होते. परका व्यापारी मेला, तर त्याच्या मालाला कोणी हात लावत नसे. याचे त्याने मनापासून कौतुक केले. आणि बाजारात त्याला काय दिसले? कवड्या! मालदीवसारख्याच कवड्या! पण येथे सोन्याच्या दिनाराला मिळत फक्त 1150. तुम्हीच भागाकार करून पाहा. दिनाराचे वजन दोन्हीकडे सारखे धरले, तर कवडीची किंमत सुमारे साडेतीनशे पट झाली. कवडी तीच होती. मधे समुद्र होता, वाळवंट होते, जहाजे आणि उंट होते.

मालीहून परतल्यावर मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याने त्याला फेझ शहरी आपला सफरनामा सांगायला लावला. इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाने तो लिहून घेतला. हे काम 1355 साली पूर्ण झाले. काही टिपणे वाटेत लुटली गेली होती, म्हणून बरेचसे आठवणीतून सांगितले गेले. काही ठिकाणी जुन्या ग्रंथांतील मजकूर आला आहे, आणि चीनच्या काही भागांत तो खरोखर गेला होता का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

पुढे इब्न बतूता मोरोक्कोतच काझी झाला आणि 1369 च्या सुमारास वारला. त्याचा अरबी ग्रंथ फ्रेंच भाषांतरासह 1853 ते 1858 या काळात पॅरिसला छापला गेला. आज तँजिअरच्या विमानतळाला त्याचेच नाव आहे.