दोर तुटला तरी पाळणा पडला नाही: एलिशा ओटिस आणि गॅरेजची मोटर

लिफ्टमध्ये बटणांजवळ ‘ओटिस’ हे नाव तुम्ही कितीतरी वेळा वाचलं असेल. हे एका माणसाचं आडनाव आहे. आमच्या पनवेलमध्ये हल्ली बंगल्याच्या गॅरेजला रिमोटची मोटर बसवायची म्हटलं, की ओळखीचे लोक मला विचारतात: वायफाय आहे का, ॲप कसं आहे? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो ओटिसच्या आयुष्याकडे बघितलं की चटकन कळतो.

धंदे बुडवत शिकलेला माणूस

एलिशा ग्रेव्हज ओटिसचा जन्म ३ ऑगस्ट १८११ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हॅलिफॅक्स गावचा. वडील शेतकरी. तरुणपणीच त्याने घर सोडलं. मालवाहू घोडागाड्या हाकल्या, मग पिठाची गिरणी काढली. ती चालेना, तर तिथेच लाकूड कापायला सुरुवात केली. तेही जमेना, तर गाड्या बनवायला लागला. बायको वारली, पदरात दोन लहान मुलगे होते.

नंतर तो ऑल्बनी शहरात पलंगांच्या कारखान्यात मेकॅनिक झाला. तिथे त्याने पलंगाच्या दांड्या घडवणारं यंत्र केलं आणि काम कित्येक पटींनी वेगात व्हायला लागलं. पुढे त्याने ओढ्याच्या पाण्यावर चालणारा स्वतःचा कारखाना टाकला, तर शहराने पिण्यासाठी ते पाणीच वळवून घेतलं. पुन्हा शून्यावर!

यॉन्कर्सचा पाळणा

१८५२ च्या सुमारास तो न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये एका पलंगांच्या कारखान्याची उभारणी बघत होता. जड सामान वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. माल चढवणारे पाळणे तेव्हाही होते, पण सगळा भरवसा एका दोरावर. दोर तुटला की पाळणा खाली, आणि त्यातला माणूसही.

ओटिसने आणखी जाड दोर शोधला नाही. दोर कधीतरी तुटणारच, हे त्याने धरूनच चाललं. घोडागाडीखाली असतो तसा लवचिक पोलादी पाटा त्याने पाळण्याच्या वर बसवला आणि दोर त्या पाट्याला बांधला. दोन्ही बाजूंच्या खांबांना करवतीसारखे दाते दिले. दोर ताणलेला असेपर्यंत पाटा वाकलेला राहतो आणि पाळणा मोकळा फिरतो. ताण गेला की पाटा सरळ होतो, त्याची टोकं दातांमध्ये अडकतात आणि पाळणा जागच्या जागी थांबतो. कुणी बटण दाबायला नको, कुणी ओरडायला नको.

गंमत म्हणजे हे मोठं काम आहे असं त्याला स्वतःलाच वाटलं नव्हतं. सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला जायचं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात १८५३ मध्ये दोन पाळण्यांची ऑर्डर आली आणि तो राहिला.

तरी गिऱ्हाईक फारसं येईना. मग १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यात उभा राहिला, उंच गेला आणि गर्दीसमोर दोर कापायला लावला. पाळणा थोडासा खाली सरकला आणि थांबला. २३ मार्च १८५७ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवाउट या दुकानात त्याची माणसं नेणारी लिफ्ट सुरू झाली. ८ एप्रिल १८६१ ला घटसर्पाने तो गेला, वय ४९. कंपनी तेव्हा लहानच होती; चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी ती वाढवली. १८९२ मध्ये कोलकात्यात, पुढे राजभवन झालेल्या इमारतीतही ओटिसची लिफ्ट आली.

याचा गॅरेजशी काय संबंध?

भिंतीवर बसणारी मोटर दरवाज्याच्या वरच्या शाफ्टला एका टोकाला जोडतात. ती सेक्शनल, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या वर सरकणाऱ्या दरवाज्यासाठी असते. रोलिंग शटरची मोटर वेगळी. दरवाज्याचं बहुतेक वजन शाफ्टवरची पीळ दिलेली स्प्रिंग पेलते. मोटर फक्त शाफ्ट फिरवते, दोन्ही बाजूंच्या केबल ड्रमवर गुंडाळल्या जातात.

खाली येताना दरवाजा अडकला तर मोटर फिरतच राहते, केबल सैल पडते आणि ड्रमवरून निसटते. म्हणून या मोटरसोबत केबलचा ताण बघणारा सेन्सर येतो. ताण गेला की मोटर बंद. विचार ओटिसचाच! फरक एवढाच, की हा सेन्सर मोटर थांबवतो, पडणारा दरवाजा धरून ठेवत नाही.

म्हणून बसवताना हे बघा:

• तोल: मोटर जोडण्याआधी दरवाजा हाताने अर्ध्यावर नेऊन सोडा, हात-पाय खालून बाजूला ठेवून. तिथेच थांबला पाहिजे. खाली घसरला किंवा वर पळाला तर आधी स्प्रिंग नीट करून घ्या.
• स्प्रिंग: तिला स्वतः पाना लावू नका. तिच्यात साठलेला पीळ एकदम सुटला तर हात मोडू शकतो. त्यासाठी जाणकार माणूसच हवा.
• ताणाचा सेन्सर: ‘याच्याशिवायही चालतं’ असं मिस्त्री म्हणाला तरी ऐकू नका.
• फोटो सेन्सर: दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटरच्या आत. खाली लहान मूल किंवा मांजर आलं की दरवाजा परत वर गेला पाहिजे. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती मोटरला अशी अडकण्यापासून वाचवणारी सोय सक्तीची आहे.
• वीज: काम करताना मेन बंद, सॉकेटला पक्कं अर्थिंग.
• हाताने उघडायची दोरी: घरातल्या सगळ्यांना दाखवा. पण स्प्रिंग तुटलेली असताना आणि दरवाजा वर असताना ती ओढू नका, दरवाजा थेट खाली येईल.

लिफ्टसाठी महाराष्ट्रात कायदा आहे, परवाना आणि तपासणी आहे. घरच्या गॅरेजच्या दरवाज्यासाठी तसं कुणी दारात येत नाही. तेव्हा ॲपबद्दल नंतर विचारा. दुकानदाराला आधी एवढंच विचारा: केबल सुटली किंवा खाली कुणी आलं, तर हा दरवाजा काय करतो? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, बसवल्यावर चालवून दाखवायला सांगा. सेन्सरसमोर खोका ठेवा, दरवाजा लावा. तो परत वर गेला, तरच पैसे द्या.