चार्ल्स गुडइयर : रबरासाठी आयुष्य झिजवलेला माणूस

अकोल्याच्या रस्त्यावर जुनी जीप-पिकअप दिसली की मेकॅनिकलवाल्यांचे पाय आपोआप थांबतात. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच खानदानातल्या या गाड्या. अशी एखादी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर इंजिनाचं कसंबसं जमतं. पण जुन्या बाजारात चाकं आणि टायर निवडताना भलेभले फसतात, कारण सगळे फक्त नक्षी बघतात. खरं तर बघायचं असतं ते रबर. आणि रबराची गोष्ट निघाली की चार्ल्स गुडइयरचं नाव घ्यावंच लागतं.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे झाला. फिलाडेल्फियात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. १८३० च्या सुमारास धंदा बुडाला आणि कर्जापायी तुरुंगवारी सुरू झाली. १८३४ मध्ये न्यूयॉर्कला एका रबर कंपनीच्या दुकानात त्याने हवा भरायचा एक पट्टा पाहिला आणि त्याच्यासाठी सुधारित व्हॉल्व्ह करून नेला. तिथे त्याला कळलं की दुखणं व्हॉल्व्हचं नाहीच, रबराचं आहे. उन्हाळ्यात ते वितळून चिकट व्हायचं, घाण वास मारायचं. थंडीत दगडासारखं कडक व्हायचं.

झालं, गड्याच्या डोक्यात रबर शिरलं ते कायमचं! रसायनशास्त्राचं शिक्षण नाही, खिशात पैसा नाही. तुरुंगातसुद्धा त्याचे प्रयोग चालू होते. पोस्टाच्या पिशव्यांची सरकारी ऑर्डर मिळाली, पण तयार पिशव्या उन्हाळ्यात लोंबून खराब झाल्या. घरातलं सामान विकलं, शेवटी मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा गेली. पुढे नॅथॅनियल हेवर्ड या कारागिराकडून गंधकाची कल्पना मिळाली. १८३९ मध्ये वोबर्न गावी गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायच्या ऐवजी चामड्यासारखा झाला. लोक याला नशीब म्हणतात. पण पाच वर्षं तेच शोधणाऱ्या माणसाच्याच ते लक्षात येणार होतं ना!

उष्णता नेमकी किती आणि किती वेळ द्यायची, हे बसवण्यात आणखी काही वर्षं गेली. अमेरिकन पेटंट मिळालं १५ जून १८४४ ला. तोवर इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने आपला अर्ज पुढे दामटला होता. १८५२ मध्ये अमेरिकेतला मोठा खटला गुडइयरने जिंकला, पण पैसा हाती टिकला नाही. १८५५ मध्ये पॅरिसला तो पुन्हा कर्जापायी तुरुंगात गेला आणि फ्रान्सचा मानाचा किताब त्याला तिथेच मिळाला. १ जुलै १८६० ला तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली होती. जिद्दीचं कौतुक करताना ही किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही.

गंमत म्हणजे गुडइयर टायर कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्यांनीच काढली, फक्त त्याच्या सन्मानार्थ नाव दिलं. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजलाही त्या नावाचा कारखाना उभा राहिला. हा माणूस मात्र हवेचा टायर लावलेली मोटार पाहायला राहिला नाही. डनलॉपचा टायर आला १८८८ मध्ये.

आता पिकअपकडे येऊ. गंधक रबराच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधतं, म्हणून रबर ताणलं तरी मूळ आकारात परत येतं. पण ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांनी ही रचना हळूहळू बिघडते. रबर कडक होतं, चिरा पडतात. नुसत्या उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतो, बरं का! म्हणून नक्षी खोल असली तरी साईडवॉल वाकवून चिरा बघा. चार आकडी तारीख वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा, तो सरळ ठेवून द्या. हात आत घालून ठिगळ आणि फुगवटा तपासा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली असेल तर भाव करण्यातही अर्थ नाही.

चाकाचंही तेच. जुन्या विलीज जीपला १६ इंची रिम आणि ६.००-१६ टायर. पाच बोल्टचं वर्तुळ साडेपाच इंचांचं. भोकं जुळत नसतील तर ठोकून बसवू नका. रिम फिरवून वाकडी आहे का बघा, नटाची भोकं लांबट झालीत का बघा, गंज खरवडून पत्रा किती उरलाय तेही बघा.

राजूरवरून बारी घाटातून घोटीकडे उतरताना, भर पावसात, रस्त्याला धरून ठेवतं ते तळहाताएवढं चार ठिकाणचं रबर. ते वितळू नये आणि तडकू नये, एवढ्यासाठी एका माणसाने आपला संसार पणाला लावला. निदान विकत घेताना तरी आपण ते दाबून, वाकवून, नीट बघून घेऊ या!